बटाटे कोण खात होतं

सही करणार नाही, असं हिल्माआत्या एकदाही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं झालं असतं. नकाराशी भांडता तरी येतं. आधी रविवारी जेवायला या, मग बघू, एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. म्हणून जुलैच्या त्या रविवारी चर्च सुटल्या सुटल्या ट्वेट घराण्यातले सगळे नॉर्डबी गावातल्या तिच्या लहानशा पिवळ्या घरात कोपराला कोपर लावून बसले होते. न्यूयॉर्कहून आलेले डेस्मंड फाल्क नावाचे गृहस्थ हातात चमचा धरून होते. हिरव्या लिंबाच्या जेलीत किसलेलं गाजर का घातलंय, हे विचारावं की गुमान खावं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

त्यांच्या समोर कोरिन होती, एम्ब्रोज ट्वेट यांची थोरली मुलगी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. तेवढ्यात तिचं शाळेत शिकवणं कधी सुटलं आणि 'एक ताटली जास्त' या वडिलांच्या नाटकाची ती राखणदार कधी झाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेजारी धाकटा भाऊ रसेल. तो शिकागोत विमा विकायचा आणि वडिलांची करडी हॅट उन्हाळ्यातसुद्धा घालायचा. टेबलाच्या टोकाला ऑर्विलकाका, एम्ब्रोजचा सर्वांत धाकटा भाऊ. लोणी-चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बहात्तर वर्षांचा, आणि त्या क्षणी तिसऱ्यांदा डुकराचं मांस वाढून घेणारा.

ते नाटक अमेरिकेत ठाऊक नसेल असा माणूस सापडणं कठीण. शेतावरच्या घरातला थोरला मुलगा बापाशी भांडून निघून जातो. आई रोज संध्याकाळी त्याची ताटली मांडते, त्यात गरम गरम वाढते आणि वाट बघते. मधला भाऊ एडविन खिडकीशी उभा राहून चांदण्यांबद्दल असं काही बोलतो की, शाळाशाळांतून मुलांना ते भाषण पाठ करायला लावतात. आणि तिसऱ्या अंकात बहीण हेल्गा उठते, ताटली उचलते, म्हणते, "तो येणार नाही. भांडी मी घासते." पडदा पडायच्या आत आईचा जीव जातो.

सदतीस साली ते न्यूयॉर्कला लागलं आणि पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत लोकांनी त्याचं काय काय केलं याला गणती नाही. सिनेमावाल्यांनी शेवटी मुलाला परत आणला, सोबत एक कुत्रा आणि बँडपथकही आणलं. बॅलेमध्ये ताटलीचं काम एका मुलीकडे होतं. ती बिचारी वीस मिनिटं नुसती गोल फिरायची. जपानमध्ये ताटलीचा वाडगा झाला. मुलींच्या एका कॉलेजात पुरुष मिळेनात म्हणून बापाची मावशी झाली. एका दिग्दर्शकानं सगळं घरच बोटीवर चढवलं. टेलिव्हिजनवर लागलं तेव्हा "भांडी मी घासते" या वाक्याला लागूनच साबणाची जाहिरात आली, आणि एम्ब्रोज ट्वेट दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

एवढ्या उलथापालथीत हेल्गाला मात्र कुणी हात लावला नाही. ती होती तशीच राहिली, दगडासारखी.

आणि हेल्गा म्हणजे कोण, हे नॉर्डबीत सगळ्यांना माहीत होतं. हिल्माआत्यानं एकेचाळीस वर्षं तिथल्या शाळेत भूगोल शिकवला. पोरं नकाशावर तिच्या नावानं हिमनद्या काढायची. टेक्सासमधून, ओरेगनमधून अनोळखी बायका तिला पत्रं लिहायच्या आणि सख्ख्या आईशी अशी कशी वागलीस म्हणून जाब विचारायच्या. गावात दर जुलैत शाळेच्या हॉलमध्ये हे नाटक व्हायचं. हेल्गानं ताटली उचलली की अख्खं गाव पाय आपटून हुर्यो करायचं. तशी प्रथाच पडली होती. गावातल्या त्या प्रयोगाला हिल्माआत्या एकदाही गेली नव्हती. त्या दिवशी घरात पडदे शिवते, असं ती सांगायची. तिच्या घराला पाच खिडक्या होत्या.

नाटकात काहीही बदलायचं तर कोरिन, रसेल आणि हिल्मा अशा तिघांच्या सह्या लागतील, असं एम्ब्रोज मृत्युपत्रात लिहून गेले होते. मुलांची नावं ठीक होती, पण बहिणीचं का, हे कुणाला कळलं नव्हतं. आपलं का नाही, याचं दुःख ऑर्विलकाकाला होतं. नाटकात तो टेबलाखाली खेळणारा लहान मुलगा होता आणि त्याला दोन वाक्यं होती. त्या दोन वाक्यांच्या जोरावर तो अजून कार्यक्रमपत्रिकांवर सह्या द्यायचा, कुणी मागितल्या नाहीत तरी.

फाल्क यांना हे नाटक बर्फावर करायचं होतं. स्केट घालून.

रसेल या कल्पनेनं हरखून गेला होता. बाबांचं नाटक सोळा शहरांत, मोठमोठ्या स्टेडियममध्ये, हे तो मिनिटामिनिटाला कुणाला तरी सांगत होता. ऑर्विलकाकाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळणार होती, त्यामुळे त्याचाही पाठिंबा होता. कोरिनला मनातून ते सगळं हास्यास्पद वाटत होतं, पण बॅले चालला तर हे का नको, असंही ती स्वतःला विचारत होती. फाल्क यांनी अखेर जेलीचा नाद सोडला आणि तिसऱ्या अंकाचं वर्णन केलं. हेल्गा ताटली उचलते त्या क्षणी सगळे दिवे निळे होणार, आणि बारा हेल्गा एकदम बर्फावरून सरकत येणार.

"बारा?" हिल्माआत्यानं विचारलं.

"बारा," फाल्क अभिमानानं म्हणाले.

आत्यानं उकडलेल्या बटाट्यांचं भांडं त्यांच्यासमोर सरकवलं. वर लोणी वितळत होतं. तिचं वय ऐंशी, ऐकायला कमी यायचं, पण पाठ अजून फळ्यासमोर उभी असल्यासारखी ताठ.

"सही मी देते," ती म्हणाली. "बारा करा नाही तर चाळीस करा. मला चांगली दाखवा, असंही मी म्हणत नाही. माझी एकच अट आहे. बटाटे कोण खात होतं, तेवढं दाखवा."

कुणाला काही कळलं नाही. फाल्क यांनी घाईघाईनं दोन बटाटे वाढून घेतले. त्यांना वाटलं, अट ती हीच.

मग तिनं सांगितलं. भूगोल शिकवावा तसं, एकाखाली एक, आवाज न चढवता. एकवीस सालच्या हिवाळ्यात आल्विन, थोरला भाऊ, खरंच घर सोडून गेला. आई खरंच त्याची ताटली मांडायची आणि वाढायची. तीन बटाटे, मांसाचा तुकडा, असला तर पाव. ती ताटली रात्रभर टेबलावर राहायची आणि सकाळी बघावं तर चाटूनपुसून स्वच्छ. आईनं मनाशी धरलं की, आल्विन पहाटेचा येतो, जेवतो आणि बापाच्या भीतीनं परत जातो. त्या आशेवर ती आणखी वाढायची, दाराची कडी काढून ठेवायची.

"आणि गाईंचं दूध काढायला पहाटे सगळ्यांत आधी कोण उठायचं?" हिल्माआत्यानं विचारलं, वर्गाला विचारावं तसं. "एम्ब्रोज."

रसेलनं हॅट काढली, परत घातली. तो म्हणाला की, हे खोटं आहे. बाबा सतरा वर्षांचे होते, एडविन म्हणजे तेच, ते खिडकीशी उभे राहायचे, त्यांना भावाच्या जाण्यानं पोखरून काढलं होतं. उभ्या देशाला हे माहीत आहे.

"खिडकीशी उभा राहायचा, ते खरं," आत्या म्हणाली. "कुणी येतंय का बघायला. खाता खाता."

रसेल काकाकडे वळला. काका आतापर्यंत त्याच्या बाजूचा होता, पहिल्या रांगेचा माणूस होता. त्यानं काकाला बजावलं की, तुम्ही तिथे होतात, तुम्ही सांगा. ऑर्विलकाकानं काटा खाली ठेवला. तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा होता. चौसष्ट वर्षं कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं, आणि आता सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. कोरिनला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की, खुर्ची जाणार हे त्याला पुरतं कळतंय.

"बटाट्याच्या साली मला द्यायचा," तो म्हणाला. "बोलू नकोस म्हणून."

रसेल उठला, दार आपटून बाहेर गेला आणि आपल्या मोटारीत जाऊन बसला. खिडकीतून त्याची हॅट दिसत होती. फाल्क यांनी विचारलं की, नाटकाच्या मूळ लेखकाबद्दल हे जे काही बोललं गेलं, ते आपण ऐकलं असं धरायचं की नाही. ऑर्विलकाकानं त्यांच्या ताटलीतला दुसरा बटाटा हळूच स्वतःकडे ओढला.

कोरिन आत्यामागोमाग स्वयंपाकघरात गेली. आत्या घासत होती, ती पुसत होती. राग कुणावर धरावा हे तिला समजेना. वडील तिसऱ्या अंकात नेहमी प्रेक्षागृहातून उठून बाहेर जायचे. घरात सगळे म्हणत, त्यांना सोसत नाही. तिनं ते आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली की, पहिल्या प्रयोगाला ती एकदाच न्यूयॉर्कला गेली होती. तेव्हाही तो असाच उठला, म्हणून ती मागोमाग गेली. तो बाहेरच्या बाकावर बसून खारे शेंगदाणे खात होता.

"मी त्याला विचारलं, बटाट्यांचं काय केलंस रे? तर म्हणतो, हिल्मा, ते घातले तर लोक हसतील. म्हटलं, हसू देत की. आपण नव्हतो का हसत? तर रडायला लागला. रडणाऱ्या माणसाशी काय भांडायचं? म्हटलं, जाऊ दे, एक नाटक आहे, महिनाभर चालेल आणि विसरतील."

कोरिननं पुसलेली बशी पुन्हा पुसली. मग ताटली उचललीस ती का, असं तिनं विचारलं. एम्ब्रोजला उघडं पाडलं असतंस तरी झालं असतं.

आत्यानं नळ बंद केला. आईला कळलं असतं की आल्विन येतच नव्हता, ती म्हणाली, आणि मग तिला दोन मुलं गेल्यासारखी झाली असती. म्हणून गप्प राहायचं तिनं ठरवलं होतं. पण फेब्रुवारीत तळघरातले बटाटे संपत आले. आई स्वतःच्या ताटलीतले काढून त्या ताटलीत घालायला लागली. तिच्या अंगावरचे कपडे सैल झाले.

"मग उचलली. तो येणार नाही म्हणाले. एवढंच म्हणाले. भांडी कुणीतरी घासायचीच होती."

आई काही त्यानं मेली नाही. ती महिनाभर हिल्माशी बोलली नाही, पण जेवायला लागली. आल्विनचं ईस्टरला पत्र आलं, आणि दहा वर्षांनी तो स्वतः आला, जाडजूड, जाड बायकोसह. दोघांनी मिळून बाराजणांचं जेवण संपवलं. आई पुढे सत्याऐंशी वर्षांची होऊन गेली, तीसुद्धा पोटभर जेवून, दुपारच्या झोपेत.

कोरिन फडकं खांद्यावर तसंच ठेवून बाहेर मोटारीपाशी गेली आणि रसेलच्या शेजारी बसली. आत भट्टी झाली होती. तो समोर बघून म्हणाला की, विमा विकताना तो लोकांना पहिलं वाक्य हेच सांगतो की, मी एडविनचा मुलगा. आता काय सांगायचं? उरलंसुरलं खाणाऱ्याचा मुलगा?

"रसेल, बाबा कधी तुझ्याशी चांदण्यांबद्दल बोलले?"

तो विचारात पडला.

"मग काय बोलायचे? आठव," ती म्हणाली.

रसेलच्या ओठाचा एक कोपरा हलला. "'ते तू खाणार आहेस का?'" तो म्हणाला.

मग त्याचं त्यालाच आठवत गेलं. त्याच्या सातव्या वाढदिवसाचा केक मेणबत्त्या लावायच्या आधी एका बाजूनं कमी झाला होता आणि बाबा म्हणाले होते की, बेकरीवाल्यानंच तसा दिला. लग्नात बाबांनी वधूच्या आईच्या ताटलीतली कोळंबी उचलली होती. हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची खीर. त्या म्हाताऱ्यानं तक्रार केली होती. कोरिन हसता हसता रडायला लागली, आणि रसेलनं हॅट काढून मांडीवर ठेवली. त्यांचे वडील त्या नाटकात पन्नास वर्षं कुठेच नव्हते. तिथे कुणीतरी दुसराच माणूस खिडकीशी उभा होता. हे तिनं त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला ते कळलेलं दिसत होतं.

"आज चार वाजता शाळेत प्रयोग आहे," ती म्हणाली. "तिघांची सही असली तर बदल करता येतो."

"आजच?" रसेल म्हणाला. मग, "सही कशावर करायची?"

चर्चच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तो बदल लिहिला आणि तिघांनी सह्या केल्या. ऑर्विलकाकानंही केली. तिला कायद्यानं काही अर्थ नव्हता, पण ती सगळ्यांत मोठी होती. एडविनचं काम गावचा औषधवाला लॉइड सँडविक करायचा, एकोणीस वर्षं तोच करायचा. कोरिननं जाऊन त्याला सांगितलं तेव्हा त्याला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्यानं एवढंच विचारलं की, सालीसकट खायचा का? हेल्गा करणारी बँकेतली मर्ना ओल्सेन मात्र पांढरीफटक पडली. तिनं विचारलं, म्हणजे हेल्गाला ठाऊक असतं? हो, कोरिन म्हणाली. सगळं ठाऊक असतं. मर्ना ताटली हातात घेऊन कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि घंटा होईपर्यंत तिथून हलली नाही.

हिल्माआत्या आली. ती हॉलमध्ये शिरली तेव्हा माणसं बोलायची थांबली. तिसऱ्या रांगेत ती कोरिन आणि रसेलच्या मधे बसली, पर्स मांडीवर उभी धरून. पहिला अंक गेला, दुसरा गेला. तिसऱ्या अंकाच्या आरंभी पहाटेचा मंद उजेड पडला, आणि एडविन पावलं न वाजवता आत आला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, खुर्ची न ओढता उभ्यानंच भावाच्या ताटलीतला बटाटा उचलला आणि खिडकीशी जाऊन खायला लागला. टेबलाखालून एक लहान हात पुढे आला. त्यानं त्यावर साल ठेवली.

लोकांना आधी काही कळेना. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पाठोपाठ अख्खा हॉल हसला. त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात नॉर्डबी गाव प्रथमच हसत होतं. ऑर्विलकाका उभा राहून मागे वळला आणि टेबलाखालचा हात आपला असल्याचं त्यानं दोन रांगांना सांगितलं. लॉइडला चेव आला. त्यानं दुसरा बटाटा घेतला आणि डोळे मिटून, हळूहळू चावू लागला.

हिल्माआत्यानं कोरिनचं मनगट घट्ट धरलं.

"अगदी तसंच खायचा गं तो," ती म्हणाली. "डोळे मिटून. अगदी तसंच."

कमी ऐकू येणारी माणसं हळू बोललो असं समजून जेवढ्या आवाजात बोलतात, तेवढ्या आवाजात ती हे बोलली. सगळ्या हॉलनं ते ऐकलं. लॉइडनं ऐकलं आणि त्याचा घास घशात अडकला. चांदण्यांचं ते प्रसिद्ध भाषण त्यानं तोंडात बटाटा असतानाच सुरू केलं, आणि रसेल पुटपुटला की, हे मात्र बाबांसारखं.

मग मर्ना उठली. आईनं आपल्या ताटलीतला शेवटचा बटाटा त्या दुसऱ्या ताटलीत ठेवला होता. मर्नानं आईकडे बघितलं, एडविनकडे बघितलं, आणि ताटली उचलली. आपटायला वर झालेले पाय तसेच हळूहळू खाली आले. "तो येणार नाही," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला म्हणताच आलं नाही. ते पहिल्या रांगेतल्या कुणा बाईनं हलक्या आवाजात पुरं केलं.

नाटक सुटल्यावर हिल्माआत्याजवळ आधी कुणी यायला धजेना. मग मर्ना आली, आणि मग रांगच लागली. काहीजण नुसते हात हातात घेऊन पुढे जात होते. शाळेतला एक जुना विद्यार्थी, आता टक्कल पडलेला, म्हणाला की, बाई, त्या हिमनद्या मी काढायचो. तिनं त्याला सांगितलं की, त्या नेहमीच चुकीच्या जागी असायच्या.

सगळ्यांत शेवटी फाल्क आले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि हातात फाल्क अँड कंपनीचे कागद होते. बदल मान्य आहे, ते म्हणाले, बारा हेल्गांची एकच करतो. फक्त एक व्यावहारिक अडचण आहे. बर्फावर, तेवढ्या गारठ्यात, बटाटा दोन मिनिटांत थंडगार पडणार.

हिल्माआत्यानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं, कागद पाठीमागच्या भिंतीवर टेकवले आणि फळ्यावर लिहावं तशी ठळक सही केली.

"पडू दे," ती म्हणाली. "तो गारच खायचा."